आठ झेंड्यांचा फ्लेक्स

तात्यासाहेब युरोपातले सात देश पाहून आले त्याला दोन वर्षं झाली, तरी करमाडच्या चौकातला त्यांचा फ्लेक्स बद्रीनाथरावांच्या डोळ्यांपुढून हटत नव्हता. तात्यासाहेब त्यांचे साडू. वर सात झेंडे, मध्ये कोटातले तात्यासाहेब आणि खाली अठ्ठावीस शुभेच्छुक. त्यांत बद्रीनाथरावांचाही फोटो होता, न विचारता छापलेला.

लेक व्हिएन्नात बाळंत झाल्याचं कळलं, तेव्हा बद्रीनाथरावांनी आधी नकाशा उघडला. एकाच व्हिसावर शेजारचे देशही होतात हे समजताच त्यांनी बारा दिवसांच्या बस-सहलीत जागा धरली. देश आठ.

"नातू बघाया चाललो का देश मोजाया?" बायकोनं, द्वारकाबाईंनी विचारलं.

"एवढ्या लांब जाऊन एकच देश? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजी आमचे दाजी. व्हय ना?"

गुलमंडीतला फ्लेक्सवाला फारूखही म्हणाला, "चाचा, पहले जाके तो आव." पण शुभेच्छांचा फ्लेक्स निघायच्या दिवशीच लागतो, अशी रीत. आठ झेंडे चौकात लागले.

व्हिएन्नात नातू झोपायचा तो फक्त आजोबांच्या खांद्यावर. सहलीच्या सकाळी त्याचा नुकता डोळा लागला होता. लेकीनंही आत्ता कुठं पाठ टेकली होती. बस सातला. बद्रीनाथरावांनी दाराजवळच्या बॅगेकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. सात वाजून गेले. खांदा न हलवता ते उभे होते आणि मनातल्या मनात तात्यासाहेबांना शिव्या देत होते.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी तात्यासाहेब हजर. "दाखवा, बद्रीनाथराव, आठ देश!"

मोबाइलमध्ये चारशे फोटो. सगळ्यांत नातू.

"एकच झाला," बद्रीनाथराव कसंबसं म्हणाले.

तात्यासाहेब हसले नाहीत. एकेक फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं पोरगं जर्मनीत. आमची बस पेट्रोल पंपावर वीस मिनिटं थांबली, तिथं भेटाया आलं. नातीला आणलं व्हतं. ती माझ्याकडं येईना, अन् ड्रायव्हर हॉर्न वाजवाया लागला."

"म्हणजे जर्मनीत तुम्ही नुसता पंप पाहिला?"

"व्हय."

बद्रीनाथरावांनी लगेच सातातून एक वजा केला. तरी पाच देशांनी ते मागंच होते, आणि ते त्यांना झोंबलंच.

तात्यासाहेब एकच फोटो बोटांनी मोठा करत होते. "खरंच तुमच्याच खांद्यावर झोपायचा?"

हे त्यांनी तीनदा विचारलं. बद्रीनाथरावांनी तिन्ही वेळा अगदी सावकाश 'व्हय' म्हटलं.