ताई, थोडे अंश वाढवून द्या

एरंडोलला फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला तेव्हा वाटलं होतं, निवांत काम आहे. पण पेशंटचा हात आपल्या हातात आला की त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. दुखणं बरं होऊन माणूस घरी जातो, किस्सा मात्र माझ्याकडेच राहतो.

*

मनगट किती वाकतं ते आम्ही दोन दांड्यांच्या प्लास्टिकच्या कोनमापकाने मोजतो. तुलनेसाठी आधी चांगला हात मोजायचा. बांधावरून घसरून पडलेल्या एका आबांनी तो चटकन मागे घेतला आणि दुखरा पुढे केला.

"मोडेल हात हाऊ शे ताई. त्या गरीबले कसाले तरास देतस?"

*

धुळ्याचे एक रिटायर्ड गणिताचे सर कोनमापक पाहून खूशच झाले. केंद्रबिंदू कुठे धरायचा ते मलाच शिकवलं. आकडा चाळीसवर थांबला.

सर चष्मा पुसत म्हणाले, "आयुष्यात कुणाला ग्रेस मार्क दिले नाहीत. आज पाच मागतो!"

*

भुसावळच्या रेल्वेतल्या एका भाऊंना ड्यूटीवर जायची घाई. माझी मान वळली की टेबलाच्या कडेला हात दाबून मनगट वाकवायचे. पकडले गेल्यावर शांतपणे म्हणाले, "मॅडम, सत्तर लिहून टाका. कमी पडतील ते घरी पूर्ण करतो."

*

आणि आमच्या अक्का. मांड्यांसाठी गावात त्यांचं नाव. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत, ताणत पातळ करायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा. नेमकं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन महिन्यांवर असताना मनगट मोडलं. दर वेळी एकच घोर, "आखाजीले पोर माहेरले येई. मांडा कोन करी?"

"सुनबाई आहेत की."

"तिले नही जमस."

सून शेजारीच खाली मान घालून बसलेली. लग्नाला इतकी वर्षं होऊन अक्कांनी तिला खापराजवळ फिरकू दिलं नव्हतं.

सणाच्या आधी मोजलं, तर मनगट निम्म्यावरच अडलेलं. "अक्का, यंदा मांडे नाहीत," मी सांगून टाकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं.

आखाजी झाल्यावर दोघी आल्या. टेबलावर मांड्यांचा डबा ठेवला. माझा पाराच चढला.

"अक्का, नको म्हटलं होतं ना?"

"मी हात नही लावा. मन्हं नुसतं तोंड चालू व्हतं."

मी कोनमापक उचललं आणि हात पुढे करायला सांगितला. अक्कांनी सुनेचा हात धरून टेबलावर ठेवला. खापराच्या धगीने तो कोपरापर्यंत लाल झाला होता.

"आज हिन्हा मोजा."