ओवाळणीतला रिमोट

मी रिमोट दाबत दाबत आणखी वाईट सिनेमा शोधत होतो.

चांगला नको होता. चांगल्या सिनेमाला ताई गप्प बसायची.

"सापडला का?" मीनाने, माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"एक आहे. हिरो उडतं हेलिकॉप्टर दोरीने खाली ओढतो."

"लाव लाव."

लावला. ताई कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. आवाज ऐकून तिने मान वळवली. हेलिकॉप्टर खाली आलं.

"शर्टाची इस्त्री नाही मोडली मेल्याची," ताई म्हणाली.

मीना दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी ताई पहिल्यांदा बोलली होती.

आमच्याकडे भाऊबीजेला ओवाळणीत रिमोट असतो.

ताईच्या सासरी, दिंडोरीला, टीव्ही सासऱ्यांचा. कीर्तन, बातम्या, परत कीर्तन. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी ताटात पाकीट टाकायला गेलो, तर म्हणाली, "पाकीट राहू दे. रिमोट टाक."

तेव्हापासून दरवर्षी तेच. मी ताटात रिमोट ठेवायचा, तिने त्याला कुंकू लावायचं आणि सुट्टी संपून सासरी जाईपर्यंत कोणाच्या हाती द्यायचा नाही.

मी कॉलेजात साहित्य शिकवतो. एकदा सिनेमा बघताना तिला म्हणालो, "ताई, ती खिडकी म्हणजे प्रतीक आहे."

"असेल. आधी पुसून घे म्हणावं तिला."

हिरॉइन चुलीपुढे बसली की ताई पुढे सरकून बघायची. "हिने जन्मात भाकरी थापलेली नाही. हात बघ." तिथे तो सिनेमा संपला. मग पुढे कोणी कितीही रडो.

दाजी तिला न्यायला यायचे. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, अंगाला फवारणीचा वास. सिनेमाची सुरुवातीची नावं येईपर्यंतच बसल्या जागी झोपी जायचे. मध्येच दचकून विचारायचे, "संपला का?"

"सुरू व्हायचाय अजून," ताई म्हणायची. "निजा तुम्ही."

यंदा ती दिवाळीच्या आधीच आली. उपचार आमच्या नाशकातच चालू होते. मग डॉक्टरांनी मला आणि दाजींना बाहेर बोलावलं आणि आता घरी न्या म्हणाले. दाजींनी गाडी आणली. ताई म्हणाली, "भाऊबीज करून जाते."

तिला आम्ही काही सांगितलं नाही. आता फक्त ताकद यायची बाकी आहे, असं सगळे म्हणत राहिलो. मीही.

भाऊबीजेला तिने बसूनच ओवाळलं. ताट मीनाने धरलं. मी रिमोट ठेवला. ताईने त्याला कुंकू लावलं आणि तो माझ्या हातात परत दिला.

"तूच लाव यंदा. मला नाही काही सुचत."

रिपोर्ट वाचून जे कळलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

मी चांगले सिनेमे लावले. जे मी वर्गात मुलांना दाखवतो ते. ती डोळे मिटून घ्यायची. मग एकदा चुकून भलताच लागला, नागीण कोर्टात साक्ष देते असा, आणि ताई म्हणाली, "शपथ कशावर घेणार ही?"

मीना हसली. ताईही हसली. मग तिला दम लागला.

तेव्हापासून मी वाईट शोधू लागलो. बोलेल म्हणून. बोलते आहे तोवर आहे म्हणून.

एक विनोदी समजून लावला. अर्ध्यात हिरॉइनला आजार निघाला. मी घाईने बंद केला.

"लाव," ताई म्हणाली.

"बोअर आहे, ताई."

"लाव म्हणते ना. बघू दे कशी मरते."

बघितला. पडद्यावरची बाई नवऱ्याचा हात धरून खूप वेळ बोलली. मागे व्हायोलिन.

"एवढं नाही बोलवत," ताई म्हणाली.

मग ती बोलायची थांबली.

मी लावत राहिलो. भूत, जुळे भाऊ, बाँब निकामी करणारा कुत्रा. तिची मान भिंतीकडेच. दाजी दिंडोरीहून रोज यायचे, खुर्ची ओढून तिच्या पायाशी बसायचे.

"बोलली का काही?"

"नाही, दाजी."

"लावा अजून एखादा."

शेवटी मी वेगळंच केलं. दिसेल त्याची स्तुती करू लागलो. जुळे भाऊ आईला ओळखत नाहीत, त्यावर मी मोठ्याने म्हणालो, "काय लिहिलंय! असा सिनेमा होत नाही आता. ताई, अप्रतिम आहे ना?"

ती चिडेल, असं वाटलं होतं.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग दाजींकडे.

"बाळ्या, खोटं बोलू नको रे," म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. परवा दुपारी गेली. टीव्ही चालू होता. मीनाने उठून बंद केला.

ताई, लांबड लावली की तू उठून चहा टाकायला जायचीस. म्हणून इथेच थांबतो.

नीट जा.

हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दिंडोरीला, दाजी टीव्हीसमोर बसले होते. छाटणीला आलेली माणसं बांधावर थांबलेली. सुतकात टीव्ही लावत नाहीत.

"पाव्हणं, लावा एखादा," दाजी म्हणाले. "लय वाईट पायजे."

लावला. पडद्यावर एक बाई चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली. थापता येत नव्हती तिला.

दाजी पुढे सरकून तिचे हात बघत होते.

सिनेमा संपेपर्यंत दाजी जागे होते.