हरकत पॉइंट

ज्याला हरकतकाकांची हरकत नव्हती, असं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात फार काही उरलं नव्हतं. पंगतीत श्रीखंडात वेलची जास्त पडली की हरकत. मंगलाष्टकं लांबली की हरकत, आणि आटोपती घेतली की दुप्पट हरकत. विमा कचेरीतून निवृत्त होऊन ते नई सडकेवर राहत. त्यांचं खरं नाव आम्हा मराठी मंडळींत फक्त काकूंना ठाऊक असावं, आणि त्या तर ‘अहो’ म्हणत.

त्यांना हरकत नव्हती ती एका जंगलाची. दर रविवारी झिजलेले कॅनव्हासचे बूट घालून ते घाटीगावची बस पकडत, आणि पुष्कळदा मलाही ओढून नेत. पुढे एका घळीत उंच कड्यावर गिधाडांची घरटी होती. तिथे पोचलं की बोलणं बंद, आणि संत्र्याची साल खिशात. “लाजाळू असतात रे,” बाहेर आल्यावर ते सांगत. “मतलब, आपल्या घरात कोणी डोकावलं तर आपण पडदा ओढतो. ती घरच सोडून जातात.”

मग शहरात निसर्गप्रेमाची साथ आली. एक पदभ्रमण समिती निघाली आणि तिने ग्वाल्हेर ते शिवपुरी अशी जंगलातून जाणारी लांबलचक पायवाट आखली. मुक्कामाला तंबू, तंबूपुढे शेकोटी, शेकोटीपुढे गाणी. वाट नेमकी त्या घळीतून, घरट्यांखालून जात होती. बाडा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये लोकांचं म्हणणं ऐकायला सभा भरली. प्रत्येकाच्या पुढ्यात प्लास्टिकची बाटली होती, मंचावर प्लास्टिकची फुलं होती आणि विषय पर्यावरणाचा होता.

काका उभे राहिले. “अध्यक्षजी, इस रास्ते पर मेरी हरकत है.”

इथे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की हिंदीत हरकत म्हणजे चाळा, उपद्व्याप. आपल्या हरकतीला ते आपत्ती म्हणतात. पण काकांची हिंदी जन्मभर मराठी बूट घालूनच चालली.

“अच्छा, यह आपकी हरकत है?” अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं.

“हाँ. और बहुत पुरानी हरकत है,” काका ठामपणे म्हणाले.

ही वाट मुळात यांनीच पाडली, असा अध्यक्षांचा समज झाला, आणि तसं जाहीर करून त्यांनी काकांना तिथल्या तिथे हार घातला. हारासकट काका गिधाडांबद्दल बोलत राहिले. तेव्हा अध्यक्षांनी आश्वासन दिलं, “गिद्धों को बचाने की हम पूरी चेष्टा करेंगे.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

परतताना टेम्पोत काका म्हणाले, “ऐकलंस ना? पूर्ण चेष्टा करणार म्हणाले. शब्दाचा पक्का दिसतो माणूस.”

आणि तो पक्का निघाला. वाट सुरू झाली, घळीत स्पीकर वाजू लागले, आणि दुसऱ्या हिवाळ्यात कडा रिकामा होता. काकांनी जंगलात जाणं सोडलं. रविवारी सकाळी मात्र ते बूट घालून गॅलरीत बसलेले दिसत. मला ते बघवेना.

“तुम्ही कुठे गोंगाट करता, काका? चला की.”

“अध्यक्ष एक गोष्ट खरी बोलला रे. ती वाट माझ्याच पायांनी पडली होती,” ते म्हणाले. “आता माझी माझ्यावरच हरकत आहे.”

गेल्या वर्षी काका गेले. समितीला गहिवरून आलं आणि तिने त्या घळीत कड्याखाली त्यांच्या स्मरणार्थ रंगीत पाटी लावली, ‘हरकत पॉइंट’. आता पोरं तिथे कड्याला लोंबकळतात, माकडचाळे करतात आणि फोटो काढतात. पाटीवर हिंदीत लिहिलंय तेच करतात बिचारी, त्यांचा काय दोष.

परवा माझ्या लेकीने मोबाइलवर तो फोटो दाखवला. “बाबा, मस्त जगह है. संडेला चला ना.”

“नाही.”

“क्यों? प्रॉब्लम काय आहे?”

“हरकत आहे,” मी म्हणालो.

ती खुदकन हसली. तिला वाटलं, मी हिंदीत बोललो.