न प्यायलेली दारू

"अक्का, अण्णा सुटला," असा वसंताचा फोन आला तेव्हा मी धारवाडच्या घरी भाजी निवडत होते. वसंता आमचा चुलतभाऊ. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान, आणि घराण्याच्या अब्रूची काळजी वाहण्याचा जोडधंदा. अण्णा गेला होता, आणि हा म्हणे सुटला... त्याच्या मते, दारूतून. महिना उलटला तरी माझा राग जात नाही, म्हणून लिहितेय.

माझा थोरला भाऊ अण्णा हुबळीत विद्यानगरला राहायचा, शाळेत गणित शिकवायचा. जन्मात सुपारीचं खांड चघळलं नाही त्यानं. आणि एकाएकी चालताना त्याचा तोल जायला लागला, जीभ जड झाली. घागरभर पाणी प्याला तरी घसा कोरडाच, आणि नडग्या सारख्या ठणकायच्या. साखर तपासली, ठीक निघाली. मग एका बड्या डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "रोज किती घेता?" नातेवाइकांना तेवढंच हवं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यात भाचीचं, अण्णाच्या लेकीचं, लग्न ठरत होतं. वसंतानं वडीलधारी मंडळी जमवून अण्णाला मैलारलिंगाचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा उचलायला लावला, दारू सोडल्याची शपथ म्हणून. अण्णा मला म्हणाला, "घेतलीच नाही ती सोडायला काय जातंय? त्यांची तोंडं तरी बंद होतील." कसली बंद होतात... "बघा, स्वतःच कबूल केलं," असं सांगत ही मंडळी गावभर फिरली. शपथेनंतरही पाय लटपटत राहिले, तेव्हा म्हणाली, हा देवालाही फसवतो.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नडग्या दाबून पाहिल्या. तहान, हाडं आणि तोल, हे सगळं एकाच रोगाचं काम असावं अशी शंका त्यांनाच पहिल्यांदा आली. मेंदूच्या फोटोत डाग दिसले, पण तपासायला तुकडा काढला तो पायाच्या हाडाचा. शरीराची साफसफाई करणाऱ्या हिस्टिओसाइट नावाच्या पेशी माजून हाडांत, लहान मेंदूत आणि शरीरातलं पाणी राखणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीत ठाण मांडून बसल्या होत्या. फार क्वचित होणारं दुखणं. ते ऐकून अण्णा चक्क हसला. अडखळत म्हणाला, "शकू, म्हणजे मी पीत नव्हतो गं." मला रडू आवरलं नाही. औषधं सुरू झाली, पण उशीर झाला होता.

तेराव्याला मी हे सगळं वसंताला समजावून सांगितलं. जिलेबी मोडत तो म्हणाला, "होगली बिडु अक्का, जाऊ दे. शेवटी सोडली होती की त्यानं." असल्या माणसाची चीड येत नाही, किळस येते. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. अण्णाच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत तळहाताचा काळपट पट्टा उमटलाय. भिंत धरत धरत तो पाण्यापाशी जायचा. "वैनी, माझा पेंटर पाठवतो. तेवढं रंगवून घ्या, बरं दिसत नाही."

वहिनीनं त्याच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.

"रंग नको, भावजी," ती म्हणाली. "पोटभर जेवा. आणि पुन्हा या घरी येऊ नका."