आपांनी हलवलेलं दुकान

आपा रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. नगरपरिषदेच्या सभेत सगळे एकमेकांवर ओरडत असले, की त्या उभ्या राहून इतकं हळू बोलत की ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प बसावं लागे. मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. बोलायचे मुद्दे लिहिलेला कागद मी सारखी उघडत होते, मिटत होते. त्यांनी पर्समधली बडीशेप माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "पोरी, ह्या सगळ्यांच्या आया मला वळखतेत. तू बिनधास्त बोल."

उर्दू शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. कुणी बाई तक्रार घेऊन आली की आपा आधी चपला घालायच्या. "बसून गटार दिसत न्हाई. चल, जल्दी दाखव." असंच फिरताना त्यांनी पाहिलं, की जुन्या स्टँडमागच्या मंडईत बाया मधली वाट सोडून लांबच्या वळशानं जातात. मध्ये देशी दारूचं दुकान होतं, नगरपरिषदेच्याच गाळ्यात.

पुढं ती मंडई पाडून नवी बांधायचं ठरलं. अध्यक्षांच्या मनात होतं, की कोपऱ्यातला मोठा गाळा दारूदुकानालाच द्यावा. त्याशिवाय नव्या इमारतीला गिऱ्हाईक येणार नाही. परवाना सरकारचा असला तरी दुकान नव्या जागी न्यायला आमची ना-हरकत लागणार होती. वॉर्डातल्या बाया उलट म्हणत होत्या, मतदान घेऊ, बाटली आडवी करू, दुकान कायमचं बंद. मीही त्यांच्याच बाजूची.

आपा मला घेऊन थेट दुकानदाराच्या घरी गेल्या. देविदासभाऊ दारातच गडबडले. "आपा, तुमी? माझ्या घरचं पाणी चालंल का तुमाला?"

"नळाचंच हाय ना? ती लाईन मीच आणली. आण जल्दी."

पाणी झालं, चहा झाला. मग आपा म्हणाल्या, "देविदास, मंडईत तुला जागा मिळू देणार न्हाई. पण वाटूरच्या रस्त्यानं, वस्तीच्या भाईर जागा बघ. तिथली ना-हरकत मी मागते."

देविदासभाऊंनी चटईची सुटलेली काडी आत खोचली. "तिकडं कोण येईल, आपा?"

"ज्याला यायचं तो येईलच. बाजार करणारी बाई मातर सुटंल."

परतताना मी चिडले होते. बंदच का करायचं नाही, असं विचारलं. आपा चालता चालता थांबल्या. "माझा धाकटा भाऊ त्याच दुकानात पिऊन पिऊन वारला. पण रोज सांजच्याला त्याला सायकलवर बसवून घरी आणून सोडायचा तो देविदासच. देविदासची दोन लेकरं शाळेत जाऊन राह्यली. दुकान वाटेतून काढायचंय मला, त्याचं घर न्हाई मोडायचं."

सभेत त्या नेहमीसारख्या हळूच बोलल्या. "मंडई कुणासाठी बांधतो आपण? जी बाई भाजी इकते, जी घेते, तिच्यासाठी. मंग वाट तिची पायजे." अध्यक्ष चिडले, पण हात मोजले तेव्हा ठराव झाला. नव्या मंडईत दारूच्या एकाही परवान्याला ना-हरकत द्यायची नाही, आणि देविदासभाऊंना गावाबाहेरची जागा. कोपऱ्यातल्या मोठ्या गाळ्यात पोरींसाठी अभ्यासिका निघाली.

पुढच्या वेळी आपांना कुणी तिकीट दिलं नाही. विचारलं तर हसल्या. "बरं झालं. आता सभेशिवाय फिरता येतं." आणि खरंच, गुडघे धरून धरून त्या मंडईत येत राहिल्या, भेंडी घेत, भाव करत, अभ्यासिकेतल्या पोरींना मोठ्यानं वाचू नका म्हणून दटावत.

या हिवाळ्यात आपा गेल्या. मंडईतल्या बायांनी भाजीच्या पाट्या झाकून ठेवल्या. माती देऊन परतणाऱ्या माणसांसोबत माझा मोठा भाऊ आला, तो म्हणाला, देविदासभाऊ कब्रस्तानात शेवटपर्यंत उभे होते. संध्याकाळी कामानिमित्त मी वाटूरच्या रस्त्यानं गेले. दारूचं दुकान बंद ठेवायचा हुकूम कलेक्टर कचेरीतून येतो, मतदानाच्या दिवशी, गांधी जयंतीला. त्या दिवशी कसलाच हुकूम नव्हता. देविदासभाऊंच्या दुकानाचं शटर खाली होतं.