हातातलं नाव

सकाळी साडेआठला सिडकोतल्या आमच्या घरातून मुलगा शेंद्र्याला कंपनीत जातो, सून टायपिंगच्या कामाला जाते आणि दीड वर्षाची नात माझ्या मांडीवर येते. मुलाला आणि सुनेला जन्मापासून ऐकू येत नाही. नातीला येतं, इतकं की कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती कुकरकडं बघते. नात माझ्या ताब्यात देताना सुनेनं एकच अट घातली. नेहमीसारखी मोबाइलवर लिहून दाखवली: आई, बोलणं तिला फुकट मिळेल, तुमच्याकडून, टीव्हीकडून, गल्लीतून. हात मात्र आपण दिले तरच मिळतील. नाहीतर ती आमच्याच घरात पाहुणी होईल.

म्हणून जे तोंडानं बोलायचं ते हातानंही बोलायचं. सून छोटे छोटे व्हिडिओ करून ठेवते. पाणी, दूध, मांजर, आणखी, पुरे. मी चष्मा लावून शिकते. माझी बोटं आता आल्याच्या गाठीसारखी झालीत, त्यामुळं माझ्या मांजरात आणि माझ्या दुधात फारसा फरक राहत नाही. नात समजून घेते.

माझी पात्रता म्हणाल, तर याच घरात एका बाईनं पूर्वी एका लेकराला भाषा शिकवलेली आहे. ती बाई मीच. पण तिला "मी" म्हणायला जीभ रेटत नाही.

वय चोवीस. साडीला खांद्यावर पिन, हातात वही आणि डोक्यात बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका मॅडमचं वाक्य. मुलगा दोन वर्षांचा असताना त्या मॅडम म्हणाल्या होत्या, "याला खुणा करू देऊ नका. हात चालले की जीभ आळशी होते." झालं. काही बाया उपास धरतात, हिनं हे धरलं. रोज सकाळी दहाला आरसा मांडायची, मेणबत्ती लावायची. "प" म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. हलायची, पण हिच्याच फुंकरीनं. पोराचे दोन्ही हात हिच्या डाव्या हाताखाली, मांडीवर दाबलेले. सुटायचे ते फक्त हिच्या गळ्यावर ठेवायला, आवाज कसा थरथरतो ते कळावं म्हणून. त्यानं हातानं पाणी मागितलं तर ही द्यायची नाही. तोंडानं मागेपर्यंत तांब्या जवळ घेऊन बसून राहायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, काय बाई चिकाटी. ही फुगायची.

चार वर्षांनी पोरगं "पाई" म्हणालं. हिनं बिडकीनहून दिराला ऐकायला बोलावलं. त्यानं दोनदा ऐकलं.

"वहिनी, काय म्हणला त्यो?"

"पाणी म्हणाला. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

असं बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नाही. इतकी हुशार बाई.

आठव्या वर्षी तो वसतिगृहाच्या शाळेत गेला. तिथं वर्गात तोंड आणि झोपायच्या खोलीत हात, असं चालायचं. सुट्टीत घरी आला की हात खिशात घालून बसायचा. मला वाटायचं, वळण लागलं.

नातीबरोबरचे सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एकदा मी तिला वरणभात भरवत होते, कावळ्याचं काहीतरी सांगत होते, आणि मध्येच "आणखी" म्हणायला तिनं हात उचलले. माझा डावा हात गेला आणि तिच्या दोन्ही हातांवर बसला. मी पाठवला नव्हता. नात रडली नाही, हात सोडवून घेतले नाहीत. नुसती माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

ते बघणं मला ओळखीचं आहे. याच मांडीवरून, एवढ्याच उंचीवरून कुणीतरी असंच माझ्या ओठांकडं बघत बसायचं.

मी हात काढला. कुणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. तेव्हा माझी खात्री पटली की ती बाई या घरातून गेलेलीच नाही. खात नाही, पीत नाही, वयानं वाढत नाही. दहा वाजले की पदर सारखा करत माझ्या शेजारी येऊन बसते. मी तिची टिंगल करते. "काय मॅडम, आज प की फ?" ती हसत नाही. तिला काम उरकायचं असतं, आणि त्यासाठी तिला हात माझाच लागतो.

याच दिवसांत नात माझ्यासाठी एक खूण करायला लागली. एका हातावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवायचा आणि दाबायचं. मी दारातून आत आले की करायची. मला वाटलं, आजी. मी फुगले, ती खोड काही गेलेली नाही. शेजारणीला दाखवलं, तिच्याकडून करून घेतलं. रविवारी मुलासुनेसमोर छातीवर बोट ठेवून मोठ्या ऐटीत ती खूण केली. सुनेनं मुलाकडं बघितलं. मुलगा उठून गॅलरीत गेला.

सुनेनं मोबाइल घेतला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं: आमच्यात प्रत्येकाला हातातलं नाव असतं. माणसाच्या सवयीवरून पडतं. तुमचं वसतिगृहात पडलं, ह्यांनी काय काय सांगितलं त्यावरून. मी बाळाला शिकवलं नाही. आम्ही तुमच्याविषयी बोलतो ते बघून शिकली असेल.

हात दाबणारी. इतकी वर्षं माझं हे नाव शहरभर फिरत होतं आणि मला पत्ता नव्हता. मुलाच्या लग्नात त्याचे मित्र माझ्याकडं बघून एकमेकांना हातावर हात दाबून दाखवत होते. मला वाटलं, यांचा नमस्कार असेल. हॉलच्या दारात उभी राहून मीही प्रत्येकाला तसाच केला.

नावाचं मी सोसलं असतं. ते कमावलेलं आहे. पण नात ते बघून शिकली असं सुनेला वाटत होतं, आणि तिच्या हातांवर काय बसलं होतं ते मला एकटीला माहीत होतं. सांगावं, तर नात करमाडला तिच्या दुसऱ्या आजीकडं जाणार आणि माझ्या दिवसांत फक्त ती पिनवाली उरणार. न सांगावं, तर वर्ष-दोन वर्षांत हिचेही हात खिशात जाणार, आणि बापाशी बोलायला हिच्याजवळ काही राहणार नाही.

मी गॅलरीत गेले. मुलगा ओठ वाचतो, पण हे ओठांनी सांगवेना. आणि हातांत तेवढे शब्द नव्हते. एक होता. मी माझं नाव केलं, आत नातीकडं बोट दाखवलं, आणि पुन्हा नाव केलं, जोरानं.

त्याला कळलं. किती वेळा, त्यानं विचारलं. मी दोन बोटं दाखवली. तो बघत राहिला. मग मी पाच दाखवली.

तो आत गेला. दोघांचे हात बराच वेळ चालले होते. मधे मधे माझं नाव येत होतं. ते आता मला लांबूनही ओळखता येतं.

नात करमाडला गेली नाही. करमाडची आजीच इकडं यायला लागली, रोज सकाळच्या बसनं. या बाईनं कुठल्याही मॅडमला न विचारता, शेतात आणि चुलीपुढं, जमतील तसे हात हलवून लेक वाढवली होती. सोयरीक ठरताना मी मनात तिला गावंढळ म्हटलं होतं. आता ती माझ्यासमोर पाय पसरून शेंगा फोडत बसते, आणि नजर माझ्या डाव्या हातावर. हात हलला की चापट.

"उचला, विहीणबाई. पोरगी बोलायलीय."

"मी कुठं धरलाय?"

"धरला नाय. निघाला व्हता, मला दिसला."

"तुम्ही शेंगा बघा."

"शेंगा कुठं पळून जात नायत."

एकदा तिनं विचारलं, "सारखं बाजूला काय बघायल्या? कोण हाय तिथं?"

"एक बाई आहे. लई शिकलेली."

ती त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली. "बसू द्या की," म्हणाली. "पण तिलाबी सांगा, हात आपल्याच मांडीवर ठेव म्हणावं."

हात आता निघत नाही असं मी म्हणणार नाही. निघतो, अर्ध्यात थांबतो.

काल संध्याकाळी मुलगा घरात आला आणि बूट काढायच्या आत नातीनं त्याला गाठलं. हात चालू झाले. पाच-सहा खुणा, मधे नुसतीच बोटांची बडबड. मांजर मला कळलं. मग तिनं माझं नाव केलं, आणि त्यापुढं भराभर काहीतरी. मुलानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं. तो बूट काढायला वाकला होता, त्याला माझे ओठ दिसले नाहीत.

विहीणबाई चपला घालत होत्या.

"तुम्हाला कळलं?"

"कळलं की."

"मग सांगा."

"तुमचं तुम्ही शिका," म्हणाल्या, आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

नात अजून सांगतच होती. मी तिच्यासमोर खाली बसले. पुन्हा सांग, असं हातानं कसं म्हणतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.