मडक्यामागची पुडी

हल्ली परसात जिवाणूंची पावडर मी गुणगुणत कालवते. पण आजी होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची मी! पन्नाशीची बाई, आणि पिठासारख्या पावडरीला घाबरली.

लाटंबार्शाला, आमच्या गावी, मिरसांगेच्या रोपांना बुरशी लागली होती. सकाळी ताठ असलेली मिरचीची रोपं संध्याकाळी बुडाशी मऊ पडून आडवी होत. कृषी खात्यातल्या मुलानं पुडी दिली. "काकी, यात चांगले जिवाणू आहेत, जिवंत. मुळांशी राहून बुरशीला अडवतात. लावणीआधी मुळं यात बुडवा. पुडी थंड जागी ठेवा, उन्हात मरतील."

जिवंत जंतू! मेलेला उंदीर धरावा तशी मी ती दोन बोटांत धरून आणली. घरात थंड जागा एकच, पाण्याच्या मडक्यामागची. तिथे ठेवली नि कोपरापर्यंत हात धुतले.

दुपारी रांगती नात मडक्यामागून आली. तोंड पांढरं, आणि वर हसतेय!

तिचं तोंड धुतलं, त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नका, पण डॉक्टरला दाखवा." मला ऐकू आलं फक्त 'डॉक्टर'. फुटलेली पुडी घेऊन रिक्षानं साखळी गावातला दवाखाना गाठला. वाटभर तिच्या पोटाकडे बघत होते. ते फुगतंय असंच वाटे. तिनं ढेकर दिला आणि मी रडायलाच लागले.

साखळीला नोकरी करणारी सून धावत दवाखान्यात आली. "आई, काय झालं?"

"जंतू खाल्ले गो तिनं! जिवंत!"

डॉक्टरांनी पुडी वाचली, पोरीला तपासलं. "आता तरी ठीक आहे. उलटी, ताप आला तर लगेच आणा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसा," आणि माझ्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला.

परतताना सुनेनं विचारलं, "पुडी वर फळीवर का नाही ठेवली?"

"वर पत्रा तापतो. मेले असते ते."

"म्हणजे भीती त्यांची, आणि काळजीही त्यांचीच?"

मी नातीचं तोंड पुन्हा पदरानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पावडरीत मुळं बुडवून रोपं लावली. नाकाला पदर, कडेवर नात. एक रोप लावायचं, तिचं कपाळ चाचपायचं. मिरसांगेचं पुढं काय होणार, हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही.